शून्याचे पेढे

"एक," अझीम म्हणाला आणि त्यानं खडू उचलला.

"थांब, लिहू नकोस."

"का? नियम तुमचाच की सर."

नियम माझाच होता. सांगलीत आमचं एक मुक्त मंडळ होतं. नाव ऐकून लोक विचारायचे, भजनी मंडळ का हो? एका परीनं तसंच होतं म्हणा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण आयटीआयच्या वर्कशॉपमागच्या खोलीत आपापले कॉम्प्युटर घेऊन जमायचो. मशीनला एक आज्ञा दिली की ते स्वतःच सांगायचं, पोटात कुलूपबंद माल किती आहे. कुलूपबंद म्हणजे असा प्रोग्राम, की ज्याच्या आत काय आहे ते कंपनीशिवाय कुणाला बघता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. आलेला आकडा फळ्यावर लिहायचा. ज्याचा आकडा पहिल्यांदा शून्यावर येईल त्यानं पेढे वाटायचे.

या शून्यासाठी माणसं काय काय सोसायची! वायफाय चालवणारा प्रोग्राम कुलूपबंद म्हणून एकानं घरचं वायफाय सोडलं आणि रस्त्यावरच्या खांबापासून माजघरापर्यंत वायर ओढली. एकाच्या बायकोला वर्षभर स्वतःच्या लग्नाची चित्रफीत बिनआवाजाची बघावी लागली. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. माझा आकडा अकरा वर्षं शून्य होता आणि तो मी सोवळ्यासारखा जपत होतो.

पण त्या दिवशी ज्याचा आकडा एक आला ते मशीन माझं नव्हतं. मी ते अक्काताई मगदूम यांना दिलं होतं आणि त्या तिथंच दारापाशी खुर्चीवर बसल्या होत्या, हात मशीनच्या झाकणावर ठेवून.

अक्काताई जन्मापासून आंधळ्या. साखर कारखान्याच्या ऑफिसात सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. चेअरमनपासून काटा क्लार्कपर्यंत साडेचारशे नंबर त्यांच्या डोक्यात होते. एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, ऑफिसनं टेलिफोनचा बोर्डच काढून टाकला आणि त्यांना चिठ्ठी दिली. मे महिन्यात कॉम्प्युटरची परीक्षा द्या. पास झालात तर आवक-जावकच्या टेबलावर बसा, नाहीतर घरी जा. घर म्हणजे आटपाडीकडचं भावाचं.

"भावाच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची पाळी येऊ ने, एवढंच बगा सर," पहिल्या भेटीत त्या मला म्हणाल्या होत्या. "तो वाईट न्हाई. पर दुसऱ्याच्या घरात मागून घेतलेलं पाणीसुद्धा जड जातं."

अझीम मुजावरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या खोलीच्या खालीच होतं. त्यानंच त्यांना माझ्याकडं आणलं. मी जुनं मशीन दिलं, त्यात लिनक्स ही मोकळी प्रणाली घातली, आणि पडद्यावरचं सगळं मराठीत वाचून दाखवणारा आवाज अझीमनं घातला. कुठल्याशा कंपनीचा, आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ. अक्काताई त्याला 'बाई' म्हणायच्या. बाई असं म्हणाली, बाईनं तसं सांगितलं. महिन्याभरात त्या झरझर पत्रं लिहायला लागल्या.

फळ्यावरचा एक म्हणजे ही बाई.

"तो आवाज काढायचा," मी म्हणालो. "त्याच्याऐवजी आपला मोकळा आवाज घालायचा."

"सर, तो आवाज म्हंजे पत्र्याच्या डब्यात टाचण्या हलवल्यागत हाय."

"सवय होते. जगभरातले आंधळे लोक तोच वापरतात. दुप्पट वेगानं ऐकतात. वाचलंय मी."

"त्यांना ऐकू दे की. अक्काची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय."

"म्हणूनच म्हणतोय. तुझी बाई आहे तीस दिवसांच्या नमुन्यावरची. दर महिन्याला तू तिला फसवून परत जिवंत करतोस. गेल्या महिन्यात दोन दिवस तिची वाचा बसली होती की नाही? परीक्षेच्या दिवशी बसली तर? किल्ली कंपनीच्या खिशात आहे, अझीम. उद्या कंपनीनं दुकान बंद केलं तर ताईंनी कुठं जायचं?"

मी म्हणत होतो ते खोटं नव्हतं, हे अझीमलाही माहीत होतं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "मोकळीक म्हंजे काय सर? ज्याला जे पायजे ते घ्यायची मुभाच ना? मग अक्काला बाई पायजे असली तर?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. माझ्याकडं त्या काळात सगळ्याला उत्तर असायचं. आणि खरं सांगायचं तर एप्रिलच्या शेवटी मंडळाचं काम बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते. एक आंधळी टेलिफोन ऑपरेटर, संपूर्ण मोकळ्या मशीनवर, मराठीत काम करते, हे मला त्यांना दाखवायचं होतं. त्या 'संपूर्ण'मध्ये एक खडा नको होता.

आमचं भांडण चाललेलं असताना अक्काताई एकदम म्हणाल्या, "सर म्हणत्यात तर काढूया की."

मी तिथंच बाईला काढून टाकलं. नवा आवाज चालू केला. अक्काताईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"पाण्याखालनं बोलल्यागत येतंय."

"होईल सवय."

"व्हईल की," त्या म्हणाल्या.

अझीमनं फळ्यावर शून्य काढलं, खडू खाली ठेवला आणि निघून गेला.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी आयटीआय सुटल्यावर त्यांच्या खोलीवर जायला लागलो. त्यांनी एक पद्धत घातली होती. सरावाचं पत्र आधी मी मोठ्यानं वाचायचं, मग मशीननं वाचायचं, मग त्यांनी सांगायचं काय लिहिलंय ते.

"तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की धीर येतो," त्या म्हणायच्या.

मला तो गुरूचा मान वाटला. सुखावलोच मी. एकदा त्यांनी स्पीकर डाव्या बाजूचा उचलून उजवीकडं ठेवलेला दिसला, आवाज पार शेवटपर्यंत चढवलेला. खालून अझीमनं ओरडून विचारलं, अक्का, डबा फुटला काय? आम्ही दोघं हसलो. आणखी एक. पुण्याच्या पाहुण्यांसमोर कुठलं पत्र ठेवणार, काय काय विचारणार, ते आधी सांगा म्हणून त्या माझ्या मागं लागल्या होत्या.

"नवी माणसं, मला घाबरायला हुतं सर."

मी सगळं सांगितलं. चार वेळा वाचून दाखवलं.

कार्यक्रम दृष्ट लागण्यासारखा झाला. खोली भरली होती. मशीन किरकिरत वाचू लागलं की अक्काताई वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायच्या. कुठल्या ओळीवर आहे, कुठला शब्द चुकलाय, दुरुस्त कसा करायचा. बोटं अशी पळत होती की बघत राहावं. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एक बाई थक्क होऊन म्हणाल्या, "अहो, या मशीनच्या आधीच सांगतायत!"

"त्या मशीनपेक्षा हुशार आहेत," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी मध्ये, अक्काताई कडेला.

पेढे मीच आणले होते. पहिला त्यांच्या तळहातावर ठेवला.

"शून्य आलं, ताई."

त्यांनी पेढा बोटांनी चाचपला, वरचा ठसा शोधला, वास घेतला. "शून्य म्हंजे चांगलंच न्हवं, सर?"

"सगळ्यात चांगलं."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो तर अझीम जिन्यातच उभा. हातात पेन ड्राईव्ह.

"बाई आणलीय. दहा मिनिटांचं काम. आजच्या दिवस घाला, उद्या काढा. मी फळ्यावर लिवणार न्हाई."

मी त्याच्याकडं बघितलं आणि मग अक्काताईंकडं. त्या इस्त्रीची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काय चाललंय ते मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं आणि विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा. चालतंय ना आपलं?"

"चालतंय की सर."

"अक्का, खरं सांग," अझीम त्यांच्यापुढं उकिडवा बसला. "तुला ते नीट ऐकू येतंय का?"

अक्काताईंचा चेहरा कडक झाला. "मला ऐकू न यायला काय झालं? सव्वीस वर्सं बोर्डावर बसलीया मी! आणि पेपरात आलंय सगळं. सरांचं शून्य मोडायचं व्हय आता?"

मला सुटल्यासारखं वाटलं. हेच मला सांगायचं आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. एका बाईची भाकरी पणाला लागली होती, दहा मिनिटांचं काम होतं आणि तिनं नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

परीक्षा ऑफिस सुपरिटेंडंट बागणे साहेबांच्या केबिनमध्ये होती. मशीन आमचं, म्हणून मला आत उभं राहू दिलं. दारात चार क्लार्क गंमत बघायला. बागणे साहेब भारदस्त आवाजाचे गृहस्थ. त्यांनी टेबलाशी वाकून एक पत्र सांगितलं. येत्या सोमवारी पाहुणे येणार आहेत, गेस्ट हाऊसच्या चार खोल्या राखून ठेवाव्यात, बारा जणांच्या जेवणाची व्यवस्था करावी. अक्काताईंनी ते एका दमात टंकलं. एक काना चुकला नाही. बागणे साहेबांनी भुवया उंचावून माझ्याकडं बघितलं आणि मला वाटलं, जिंकलो.

"जरा बाहेर बसा, पाणी प्या," ते अक्काताईंना म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी पत्रात तीन ठिकाणी बदल केला. सोमवारचा गुरुवार, चाराचे सहा, बाराचे वीस. "आवक-जावकला रोज दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं वाचावी लागतात," ते म्हणाले. त्यात काही गैर नव्हतं.

अक्काताई आत आल्या, बसल्या, कळ दाबली. मशीन किरकिरलं. येत्या गुरुवारी पाहुणे येणार आहेत. ते मला स्वच्छ ऐकू आलं. दारातल्या क्लार्कलाही आलं.

"येत्या सोमवारी पाहुणे येणार आहेत," अक्काताई म्हणाल्या.

"परत ऐका," बागणे साहेब म्हणाले.

त्यांनी परत कळ दाबली. मान उजवीकडं वळवून कान स्पीकरला जवळजवळ चिकटवला. मशीन म्हणालं गुरुवारी. सहा खोल्या. वीस जण.

"सोमवारी, साहेब. चार खोल्या राखून ठेवाव्यात. बारा जणांच्या जेवणाची व्यवस्था करावी." ठाम, सावकाश, बोर्डावर नंबर सांगावा तशा आवाजात.

दारात कुणीतरी फिसकन हसलं. फळ्यावरचं शून्य, उजवीकडं सरकवलेला स्पीकर, आधी वाचून घेतलेली पत्रं, पुण्याच्या बाईंचं ते वाक्य, सगळं एकदम समोर आलं. त्या मशीनच्या आधी सांगत नव्हत्या. त्या मशीन ऐकतच नव्हत्या.

बागणे साहेब माझ्याकडं वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "हळिंगळे, हा पोपट पढवून आणलाय काय तुम्ही? फोटोसुद्धा छापून आणलात. आमची फसवणूक करायला हेच ऑफिस सापडलं?"

हे अक्काताईंना ऐकू गेलं नाही. आवाज खाली आणला होता ना. त्या हात मांडीवर ठेवून, प्रसन्न चेहऱ्यानं, माझ्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या.

"झालं न्हवं, सर?" त्या म्हणाल्या.

बाहेर सायकल स्टँडजवळच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"डावा कान जाऊन सहा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्सं कानाला फोन लावून काय राहतंय? उजवा बी आता चाललाय. डॉक्टर म्हणाले, माणसाचा आवाज थोडे दिस कळंल. बाईचं बोलणं माणसागत होतं. हिचं नुस्तं कुईकुई."

"मग सांगितलं का नाही, ताई?"

"काय सांगू? आंधळी हाय म्हणून बोर्डावर घेतलं. भैरी बी हाय म्हटल्यावर कोण ठेवून घेईल?"

"मला सांगायचं. मला तरी."

"तुम्ही मशीन दिलंसा. रोज यायचासा. धर्माच्या गायीचे कशाला दात मोजायचे? आणि तुम्ही एकदा वाचलं की माझं पाठच हुयाचं."

"पुण्याच्या लोकांसमोरचं?"

"ते बी पाठच."

मी परत केबिनमध्ये गेलो. सगळा दोष माझा, आवाज बदलून पुन्हा परीक्षा घ्या म्हणून हात जोडले. कानांचं मात्र बोलता आलं नाही. बाकावरून उठताना त्यांनी तशी शपथच घातली होती, आणि सांगितलं असतं तरी काय, जे व्हायचं तेच झालं असतं. बागणे साहेब म्हणाले, नुसती चूक झाली असती तर मी परीक्षा पुन्हा घेतली असती, हळिंगळे. पण समोर एक लिहिलंय आणि ह्या छातीठोक दुसरंच वाचतात, हे मी वर काय म्हणून कळवू?

जूनमध्ये अक्काताई भावाकडं गेल्या. मशीन त्यांनी अझीमकडून परत पाठवलं, जुन्या साडीत नीट गुंडाळून. अझीमनं ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"बगा किती आकडा येतोय," तो म्हणाला. तो पुन्हा मंडळात आला नाही. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. फळ्यावरचे आकडे पुसायला कुणी नव्हतं.

दोन वर्षांनी त्या कंपनीनं खरंच दुकान बंद केलं. बाईचा आवाज एका रात्रीत सगळीकडून गेला. मोकळा आवाज मात्र आहे, अजून आहे, पुष्कळ सुधारलाही आहे. म्हणजे मी बरोबर होतो. एवढं बरोबर ठरून माणसाला इतकं हरल्यासारखं कसं वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आणखी वर्षभरानं मी धीर करून आटपाडीची एस. टी. पकडली. माफी मागायची होती, दुसरं काही नाही. वाक्यं ठरवून ठेवली होती. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून स्टँडजवळच्या नेहमीच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले आणि गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं, आपण काय घेतलंय. टाकून द्यावे असं वाटलं. पण अन्न टाकवेना.

त्यांची भावजय दारातच भेटली. "या. पर बोलून उपेग न्हाई बगा. आता अजिबात ऐकू येत न्हाई तिला. फुटाक्याचा बी आवाज कळत न्हाई."

"मग तुम्ही बोलता कसं?"

"काय बोलायचं असतंय? जेवाण पायजे का, थंडी वाजतीया का. ती इचारती, आमी हातावर टिचकी मारतो. एकदा म्हंजे हो, दोनदा म्हंजे न्हाई."

"तळहातावर अक्षरं गिरवली तर?"

"जन्माची आंधळी ती. तिला आपली अक्षरं कुठली ठावं? तिची ठिपक्यांची."

मला ठिपक्यांची लिपी येत नव्हती. जगातल्या सगळ्या कुलपांबद्दल मी अकरा वर्षं भाषणं दिली आणि ज्या बाईला मशीन दिलं तिची बाराखडी शिकायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

अक्काताई मागच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मी पुढ्यात बसलो. ठरवलेली वाक्यं तोंडात तशीच राहिली. काय करावं सुचेना, म्हणून त्यांचा हात धरला आणि एक पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो बोटांनी चाचपला. वरचा ठसा शोधला. नाकाशी नेला. आणि तीन वर्षांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला.

"हळिंगळे सर?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. आपला आवाज केवढा येतो हे त्यांना कळत नव्हतं. "सर, व्हय? शून्य आलं व्हय पुन्हा?"

नाही. ताई, शून्य नाही आलं. मंडळ मोडलं. माझं चुकलं. यातलं एकच मला त्यांना सांगता येण्यासारखं होतं. त्यासाठी दोन टिचक्या पुरेशा होत्या. मी त्यांचा दुसरा हात उघडून पहिली टिचकी मारली.

दुसरी मारायच्या आतच त्यांनी माझं बोट मुठीत घट्ट धरलं.

"चांगलं झालं, सर," त्या म्हणाल्या. "लई चांगलं झालं."